कर्ज, उचल, उसने, बोजा : बोलताना सारखे, कागदावर मात्र वेगळे

निमोणे : "सोसायटीचं काढलंय", "मुकादमाची उचल घेतलीय", "पाहुण्याकडून हातउसने आणलेत", "सातबाऱ्यावर बोजा आहे". शिरूर-दौंड भागात कर्जाला असे कितीतरी शब्द आहेत. बोलताना सगळ्यांचा अर्थ 'देणं लागतो' एवढाच. पण कागदावर सही किंवा अंगठा झाला की शब्दागणिक जबाबदारी बदलते. म्हणून रोजच्या वापरातले हे शब्द अर्थासह.

कर्ज, ऋण : 'कर्ज' मूळचा अरबी, फारसीमार्गे मराठीत आला. 'ऋण' संस्कृत. 'ऋण काढून सण' या म्हणीत तो अजून आहे. देणाऱ्याला धनको, घेणाऱ्याला ऋणको म्हणतात.

उसने, उधारी : उसने म्हणजे घेतलं तेवढंच परत, व्याज नाही. उधारी दुकानाची. खत-औषधाच्या दुकानात ती पीक निघेपर्यंत चालते. तिथं रोखीचा भाव आणि उधारीचा भाव वेगळा असेल, तर मधला फरक हेच व्याज समजावं.

उचल : हा शब्द सर्वात फसवा. ऊसतोड मजुरानं मुकादमाकडून घेतलेली उचल ही अंगावरची रक्कम, ती कामातून फिटते. कांदा देण्याच्या बोलीवर आडत्याकडून आणलेली उचलही तशीच. पण कारखान्याकडून उसाची मिळते ती 'पहिली उचल' कर्ज नव्हे, ती शेतकऱ्याच्याच मालाची किंमत. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत एफआरपीचे पैसे द्यावेत, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज द्यावं, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो.

टक्का : बँकेचे 7 टक्के म्हणजे वर्षाचे. गावातले 'शेकडा तीन' म्हणजे महिन्याचे, वर्षाला 36 टक्के झाले. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला 9 आणि विनातारणी कर्जावर 12 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही.

पीककर्ज, नवं-जुनं : विकास सोसायटीचं किंवा बँकेचं हंगामी कर्ज. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर राज्यात शून्य टक्के व्याज पडतं. मुदत चुकली की सवलत जाते. जुनं भरून लगेच नवं उचलणं म्हणजे 'नवं-जुनं'. यात खातं नियमित राहतं, पण कर्ज कमी होत नाही. भरण्यासाठी चार दिवस बाहेरून पैसे आणले तर त्याचं व्याज वेगळंच.

तारण, नजरगहाण, ताबेगहाण : कर्जापोटी ठेवलेली वस्तू म्हणजे तारण. नजरगहाणात जमीन आपणच कसतो. ताबेगहाणात ताबा पैसे देणाऱ्याकडे जातो.

मुदत खरेदी : पैसे फेडले की जमीन परत, या बोलीवर केलेलं खरेदीखत. इथं सर्वात जास्त सांभाळावं. परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच कायदा त्याला गहाण मानू शकतो. 1929 पासून हा नियम आहे. 'अट वेगळ्या कागदावर लिहू' किंवा 'तोंडी ठरलंय' म्हटलं, तर कागदोपत्री ती साधी विक्री ठरते.

जामीन : 'नुसती सही कर' म्हणून भावकीत मागितला जातो. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे, वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. कर्जदाराच्या मागं न लागता थेट जामीनदाराकडूनही वसुली होऊ शकते.

बोजा : सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातली कर्जाची नोंद. कर्ज फिटलं की ती आपोआप गेली असं समजू नये. बँक किंवा सोसायटीचा ना देय दाखला घ्यावा, बोजा कमी करण्याचा अर्ज तलाठी कार्यालयात किंवा ई-हक्क प्रणालीवर द्यावा, फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून पाहावा.

पुनर्गठन, माफी : पुनर्गठनात फक्त हप्ते आणि मुदत बदलते, मुद्दल डोक्यावर राहतं. माफी योजनेच्या अटींत बसेल तेवढीच होते. 2017 च्या योजनेत दीड लाखांची, 2019 च्या योजनेत 2 लाखांची मर्यादा होती.

या शब्दांची किंमत या भागानं आधीच मोजली आहे. 1874 च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावात सावकारावर बहिष्कार पडला. 12 मे 1875 रोजी सुपे इथं उठाव झाला आणि तो शिरूर, इंदापूर, पुरंदरकडं पसरला. शेतकऱ्यांचा रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून जाळले गेले, कारण त्यात काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यानंतर आलेल्या 1879 च्या कायद्यात शेतकऱ्याचा रोखा सरकारी निबंधकासमोर करण्याची तरतूद झाली.

आज सावकारीसाठी 2014 चा कायदा आहे. विनापरवाना सावकारीत जमीन गेली असेल तर सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकाकडं किंवा जिल्हा उपनिबंधकाकडं लेखी तक्रार करता येते. चौकशीत सावकारीतून जमीन बळकावल्याचं सिद्ध झालं, तर ती परत देण्याचा आदेश निघू शकतो. तक्रारीसोबत पैसे दिल्याघेतल्याच्या नोंदी, बँकेचे उतारे आणि दस्ताची नक्कल जोडावी. म्हणून हातउसने असले तरी परतफेड शक्यतो खात्यावरूनच करावी.