यादीत नाव नसलेली सिस्टीम

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, समुद्रसपाटीपासून साधारण ७,४०० फूट उंचीवर, लॉस अलामोसच्या एका धुळकट गोदामात २००२ साली एक महासंगणक सुरू झाला. खास बांधलेलं थंडगार दालन त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. आतला पारा ८५ अंश फॅरनहाइटपर्यंत चढायचा. वू-चुन फेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे एकाच रॅकमध्ये २४० संगणक बसवले होते. त्याच वातावरणात त्यांचा आधीचा क्लस्टर उन्हाळ्यात वारंवार मान टाकायचा. हा मात्र महिनोन्महिने न थांबता चालला. ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ या चित्रपटातल्या तलवारीवरून त्याचं नाव ‘ग्रीन डेस्टिनी’ ठेवलं होतं, आणि त्यावर लिनक्स चालत होतं.

त्या रॅकमधले संगणक टेक्सासच्या आरएलएक्स टेक्नॉलॉजीजचे होते. ख्रिस्तोफर हिप आणि डेव्हिड कर्कबी यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या कंपनीने मे २००१ मध्ये ‘सिस्टीम ३२४’ बाजारात आणली होती. सव्वापाच इंच उंचीच्या एका चॅसिसमध्ये २४ सर्व्हर उभे सरकवायचे, अशी तिची रचना. अशा प्रत्येक पात्यासारख्या सर्व्हरवर, म्हणजे ब्लेडवर, ट्रान्समेटा कंपनीचा कमी विजेवर चालणारा क्रूसो प्रोसेसर, लॅपटॉपची छोटी डिस्क आणि नेटवर्कच्या तीन जोडण्या. सीडी ड्राइव्ह नाही. आत शिरायला वाट एकच, नेटवर्कची.

त्या वाटेची सोय इंटेलने १९९० च्या दशकातच पीएक्सई या पद्धतीने करून ठेवली होती. ब्लेड सुरू झाला की तो नेटवर्कवर स्वतःसाठी पत्ता मागतो, मग कुठल्या तरी सर्व्हरवरून एक छोटी फाइल उतरवून घेतो आणि ती फाइल पुढे अख्खं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आणते. लिनक्सच्या जगात ही फाइल बहुधा पीएक्सलिनक्सची असे. ते लिहिणारे एच. पीटर अँव्हिन ट्रान्समेटामध्ये नोकरीला होते, आणि १९९७ ते २००३ या काळात लिनस टोरवाल्ड्सही तिथेच होते. पहिल्या ब्लेडवर लिनक्स परकं वाटण्याचं कारणच नव्हतं.

परकेपणा आला तो मोठ्या कंपन्यांबरोबर. आयबीएमने २००२ मध्ये १४ ब्लेडचं ब्लेडसेंटर आणलं, एचपीने २००६ मध्ये १६ ब्लेड मावणारं सी७०००, तर डेलने २००८ मध्ये एम१०००ई. वीज, पंखे, नेटवर्क स्विच सगळं चॅसिसमध्ये सामाईक. या यंत्रांसोबत एक यादी यायची: विंडोज, रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स, सुसे, आणि तीही ठरावीक आवृत्त्यांची. यादीतल्या सिस्टीमवर बिघाड झाला तर कंपनी फोन उचलणार. यादीबाहेरची टाकली तर ज्याचं त्याने पाहावं. कंपनीच्या बाजूने यात चूक काढता येत नाही, कारण प्रत्येक कंट्रोलर प्रत्येक कर्नलवर तपासायचा म्हणजे माणसं आणि पैसा लागतो. पण विद्यापीठांना आणि होस्टिंगवाल्यांना यादीतल्या सिस्टीमसाठी दर ब्लेडमागे वर्षाची वर्गणी भरणं जड जायचं. शिवाय अनेकांचा हात डेबियन, सेंटओएस किंवा फ्रीबीएसडी या मोफत सिस्टीमांवर बसलेला होता. त्यांनी यादी बाजूला ठेवली.

पहिला अडथळा साधाच असे. ब्लेडसेंटरला सीडी ड्राइव्ह होता, पण सगळ्या ब्लेडमध्ये मिळून एक. ब्लेडवरचं बटण दाबलं की तो ड्राइव्ह त्या ब्लेडकडे वळायचा. कीबोर्ड आणि स्क्रीनसाठी दुसरं बटण. आतून हे सगळं यूएसबीवर चालायचं. बायोस त्या सीडीवरून बूट करून द्यायचा, कर्नल उठायचं, आणि मग जुना इन्स्टॉलर सवयीने आयडीई सीडी ड्राइव्ह शोधू लागायचा. तो सापडत नसे. ज्या सीडीवरून आपण आत्ताच सुरू झालो तीच इन्स्टॉलरला दिसत नाही, ही तक्रार त्या काळात अनेक अ‍ॅडमिननी केली आहे. यूएसबीचं मॉड्यूल हाताने चढवलं की गाडी पुढे सरकायची.

एचपीच्या ब्लेडवर डिस्कच्या नावाने अडायचं. कॉम्पॅकच्या काळापासून चालत आलेल्या स्मार्ट अ‍ॅरे कंट्रोलरचा सीसीआयएसएस ड्रायव्हर डिस्कला नेहमीचं ‘एसडीए’ असं नाव देत नसे. ‘सी०डी०’ असा त्याचा वेगळाच घाट होता. बूटलोडर बसवणाऱ्या कितीतरी स्क्रिप्टना हे नाव पचायचं नाही. पुढे २०१० मध्ये कर्नलमध्ये एचपीएसए हा नवा ड्रायव्हर आला आणि नावं सर्वांसारखी झाली. पण जुना ड्रायव्हर जाऊन नवा आल्यावर ज्यांच्या सेटिंगमध्ये जुनी नावं राहिली होती, त्यांचे सर्व्हर पुन्हा सुरू होताना स्वतःचीच डिस्क शोधत थांबले.

खरा पेच नेटवर्क कार्डाचा. एचपीच्या बीएल४६०सी या लोकप्रिय ब्लेडवर ब्रॉडकॉमची नेटएक्स्ट्रीम-२ चिप होती. या चिपच्या पोटात स्वतःचे छोटे प्रोसेसर असतात आणि ड्रायव्हर सुरू होताना त्यांच्यात त्यांचा प्रोग्राम भरावा लागतो. हाच तो फर्मवेअर. तो ब्रॉडकॉमने फक्त आकड्यांच्या रूपात दिलेला, मूळ कोड नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये तो अनेक वर्षं ड्रायव्हरच्या आतच ठेवलेला होता. डेबियनच्या मंडळींना मात्र हे त्यांच्या सामाजिक करारात, म्हणजे सिस्टीम पूर्णपणे मुक्त ठेवण्याच्या वचनात, बसत नव्हतं. डिसेंबर २००८ मध्ये ‘लेनी’ या आवृत्तीआधी यावर प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदान केलं, आणि २०११ च्या ‘स्क्वीझ’मध्ये कर्नल पूर्णपणे मुक्त झालं. फर्मवेअर वेगळ्या, ‘नॉन-फ्री’ विभागात गेला.

तत्त्व म्हणून ही भूमिका भक्कम होती, आणि ती घेणाऱ्यांनी तिची किंमत जाणून घेतली होती. ती किंमत ब्लेडपुढे बसलेल्या माणसाला मोजावी लागली. पीएक्सईच्या टप्प्यावर कार्डात साठवलेला प्रोग्राम काम बघायचा, त्यामुळे कर्नल आणि इन्स्टॉलर नेटवर्कवरून बिनबोभाट उतरायचे. मग कर्नल कार्डाचा ताबा घेणार आणि इन्स्टॉलर विचारणार: या कार्डासाठी अमुक फाइल हवी, ती पेनड्राइव्हवर आहे का? फाइल इंटरनेटवर, इंटरनेट कार्डापलीकडे, आणि कार्ड त्या फाइलवाचून मुकं. पेनड्राइव्ह लावायचा तर डेटा सेंटरमध्ये जाऊन ब्लेडच्या तोंडाशी खास केबल जोडायची.

यावर निघालेला तोडगा या सगळ्या परंपरेतला सर्वात सुंदर म्हणावा असा आहे. कर्नल आपल्यासोबत सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींची एक दाबलेली संचिका आणतं. अशा दोन संचिका एकीच्या शेपटीला दुसरी जोडून दिल्या तरी कर्नल दोन्ही ओळीने उलगडतं. म्हणून लोकांनी फर्मवेअरची छोटी संचिका इन्स्टॉलरच्या संचिकेला एका आज्ञेत चिकटवली आणि तोच जोड नेटवर्कवर ठेवला. एकदा जोडलं की १६ ब्लेड काय आणि १६० काय, कुणालाही जागचं उठावं लागत नव्हतं. डेबियनने ही युक्ती पुढे आपल्या माहितीपानांत नोंदवली. इन्स्टॉलरमध्येच असा फर्मवेअर द्यावा, असा कौल सदस्यांनी २०२२ मध्ये दिला आणि २०२३ च्या ‘बुकवर्म’पासून तो अमलात आला.

याच बीएल४६०सी ब्लेडचा एक मोठा संसार पुण्यात होता. टाटा सन्सच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने उभारलेला ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक टॉप ५०० यादीत ११७.९ टेराफ्लॉप्स वेगासह चौथा आला. तो लिनक्सवर चालत होता. त्या नोंदीने ब्लेड आणि लिनक्स या जोडीविषयी भारतात कुणाला शंका उरली असेल तर ती मिटली असणार.

यादीत नसणं हे कायमचं नशीब नव्हतं. ऑगस्ट २००६ मध्ये एचपीने आपल्या प्रोलायंट आणि ब्लेडसिस्टीम यंत्रांवर डेबियनला आधार देत असल्याचं जाहीर केलं. २००२-०३ मध्ये डेबियनचे प्रकल्पप्रमुख असलेले बडेल गार्बी एचपीतच होते. सेंटओएसचं वेगळं. ती रेड हॅटच्याच कोडमधून बांधलेली, म्हणजे रेड हॅटसाठीचे ड्रायव्हर तिथेही चालणार. फक्त कंपनीचा इन्स्टॉलर आधी ‘रेडहॅट-रिलीज’ नावाच्या फाइलमधली एक ओळ वाचून बघायचा. त्या ओळीत रेड हॅटचं नाव लिहून ठेवणं ही जगभरच्या अ‍ॅडमिनची नित्याची रीत झाली.

मग यंत्रं म्हातारी झाली. फेब्रुवारी २०१४ पासून प्रोलायंटचे बायोस अपडेट उतरवायला हमी किंवा सेवाकरार लागू झाला. दुरून स्क्रीन दाखवणारी जावाची खिडकी नव्या ब्राउझरमध्ये उघडेना. २०१९ च्या रेड हॅट ८ मध्ये जुन्या डिस्क कंट्रोलरांच्या ओळखीच काढून टाकल्या गेल्या: ड्रायव्हर तिथेच, पण त्याच्या तक्त्यातला तुमच्या कार्डाचा आकडा गायब. डिसेंबर २०२० मध्ये सेंटओएस ८ वर्षभरात बंद होणार असं जाहीर झालं, तेव्हा जुने ब्लेड चालवणाऱ्यांना एकदम दोन बाजूंनी घेरल्यासारखं झालं.

इथे स्वयंसेवक पुढे आले. ईएलरेपो प्रकल्पाने काढून टाकलेले ड्रायव्हर बांधून छोट्या डिस्क-प्रतिमा उपलब्ध केल्या. बूटच्या ओळीत ‘आयएनएसटी.डीडी’ लिहून अशा प्रतिमेचा पत्ता दिला की इन्स्टॉलरला डिस्क दिसू लागते. सेंटओएसची जागा घेऊ पाहणाऱ्या अल्मालिनक्सच्या मे २०२४ मधल्या ९.४ आवृत्तीने तर अशा अनेक जुन्या कार्डांच्या ओळखी मूळ कर्नलमध्येच परत घातल्या, त्यात एचपीएसएवर चालणारी कार्डंही आहेत. रेड हॅट १० ने पुढे प्रोसेसरचीही अट वाढवली. २०१२ चा बीएल४६०सी जेन-८ त्यात बसत नाही. अल्मालिनक्स १० त्या पिढीसाठी वेगळी बांधणी देतं, आणि ती त्या ब्लेडच्या प्रोसेसरवर चालते.