जतन की जीर्णोद्धार? : अभिजात ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना :
जुनी वस्तू आहे त्या स्थितीत सांभाळावी की नव्यासारखी करावी, हा प्रश्न ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात वास्तूंच्या संदर्भात गाजला. संपूर्ण जीर्णोद्धार म्हणजे वास्तूचा विनाशच होय, असे मत जॉन रस्किन यांनी १८४९ मध्ये मांडले. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था स्थापन केली. त्याच वर्षी जन्मलेल्या, त्याच नावाच्या उद्योजकाच्या ‘मॉरिस गॅरेजेस’मधून पुढे एम.जी. मोटारी उदयास आल्या. प्रस्तुत निबंधात हाच प्रश्न या मोटारींच्या अनुषंगाने तपासला आहे.

विवेचन :
सेसिल किंबर यांनी आकारास आणलेल्या एम.जी. मोटारींचे उत्पादन ॲबिंग्डन येथे १९२९ ते १९८० या काळात झाले. त्यांपैकी एम.जी.बी. (१९६२-१९८०) या मालिकेच्या पाच लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या. १९८८ पासून तिची संपूर्ण नवी बॉडी मिळू लागल्याने गंजलेली मोटार नव्याने उभी करणे सुलभ झाले. परंतु त्याबरोबर मूळ रंग, झिजलेले चामडे व कारखान्यातील जोडकामाच्या खुणा हा ऐतिहासिक पुरावा नष्ट होतो.

१९२९ व १९३० ची ल मान्स शर्यत जिंकणाऱ्या ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलीच्या अस्सलपणाचा वाद १९९० मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयात गेला. बहुतेक भाग बदललेले असूनही तिचे अस्तित्व अखंड असल्याचे न्यायालयाने मान्य केले. कायद्याच्या दृष्टीने ओळख टिकली, तरी इतिहासाच्या अभ्यासकाला मूळ धातू परत मिळत नाही.

ट्यूनिंगचे स्वरूप याहून भिन्न आहे. एस.यू. कार्ब्युरेटरमधील मिश्रण किंवा प्रज्वलनाची वेळ जुळविताना मूळ भाग काढून टाकावे लागत नाहीत. किंबहुना, १९६०च्या दशकात ॲबिंग्डन येथेच विशेष ट्यूनिंग विभाग कार्यरत होता. म्हणजेच ट्यूनिंग हा या मोटारींच्या इतिहासाचाच भाग ठरतो. मात्र २००० पासून ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाल्यावर अनेक इंजिनांत कठीण धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवाव्या लागल्या. चालती मोटार राखण्याची ही किंमत होय.

निष्कर्ष :
आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक वाहन महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेत जतनास प्राधान्य आणि केलेल्या कामाची नोंद ही तत्त्वे आढळतात. पूर्ववत करता येणारे ट्यूनिंग या तत्त्वांशी सुसंगत आहे. जीर्णोद्धार पुढेही करता येतो. गमावलेले मूळ रूप मात्र कोणत्याही जीर्णोद्धाराने परत आणता येत नाही. म्हणून जीर्णोद्धार हा पहिला नव्हे, तर अखेरचा पर्याय असणे इष्ट ठरते.