रोड्सचा यहुदी समाज : स्थळ आणि वंश

एखाद्या समाजाचा इतिहास लिहिताना तो ज्या भूमीवर नांदला, त्या भूमीशी त्याची सांगड घालण्याची आपली सहजप्रवृत्ती असते. एजियन समुद्रातील रोड्स बेटावरच्या यहुदी समाजाच्या बाबतीत १९४५ नंतर ही सांगड टिकत नाही. येथे स्थळ एकीकडे राहिले आणि समाज दुसरीकडे गेला. या फारकतीचे स्वरूप प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी. स्पेनमधून १४९२ साली निष्कासित झालेल्या यहुद्यांचे वंशज सोळाव्या शतकात, ऑटोमन विजयानंतर, रोड्सवर स्थिरावले. यहुदी-स्पॅनिश ही त्यांची घरची भाषा. १९१२ पासून बेटावर इटलीची सत्ता आली. विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच तेथील तरुण उदरनिर्वाहासाठी बेल्जियन काँगो, दक्षिण ऱ्होडेशिया व अमेरिका येथे जाऊ लागले होते. १९३८ च्या इटालियन वंशभेदी कायद्यांनी या ओघात भर घातली. मागे उरलेल्या सुमारे १,७०० जणांना जर्मन सेनेने जुलै १९४४ मध्ये बोटींत घालून पिरियसमार्गे आउश्विट्झला नेले. तुर्की वाणिज्यदूत सलाहात्तिन उल्कुमेन यांनी सुमारे चाळीस जणांना तुर्की नागरिकत्वाच्या आधारे सोडवून घेतले. छावणीतून जिवंत बाहेर पडले ते दीडशेच्या आसपास.

युद्धोत्तर इतिहासाचा खरा प्रश्न येथून सुरू होतो. वाचलेल्यांपैकी बहुतेक जण इटलीत पोहोचले. बेटावर परतून वसण्यासारखे काही उरले नव्हते. १९४७ च्या तहाने बेट ग्रीसकडे गेले आणि ज्या राज्याचे शिक्षण त्यांनी घेतले होते, ते राज्यही तेथून गेले. साहजिकच ते आधी परदेशी गेलेल्या नातलगांकडे वळले. एलिझाबेथव्हिल, सॉल्झबरी, केप टाऊन, सिअ‍ॅटल, लॉस एंजेलिस ही त्यांची नवी ठिकाणे. भाकरीच्या शोधात गेलेल्या शाखाच आता मूळ खोडाच्या जागी आल्या. पुढे १९६० मध्ये काँगो स्वतंत्र झाला आणि त्यानंतरच्या अस्थिरतेत तेथील अनेक कुटुंबे ब्रुसेल्सला व अन्यत्र गेली. एका पिढीच्या वाट्याला असे दोनदा विस्थापन आले.

दरम्यान बेटावर ग्रीसच्या अन्य भागांतून काही यहुदी कुटुंबे येऊन राहिली. १५७७ साली बांधलेले काहाल शालोम हे प्रार्थनामंदिर त्यामुळे ओस पडले नाही. परंतु ही कुटुंबे ग्रीकभाषी होती. आज तेथील यहुद्यांची संख्या काही डझनांच्या पलीकडे नाही. बेटावरील यहुदी संग्रहालय १९९७ मध्ये उभे राहिले, ते लॉस एंजेलिस येथील रोड्सवंशीय वकील आरोन हॅसन यांच्या पुढाकाराने. म्हणजे बेटाची स्मृती राखण्याचे कामही बेटाबाहेरच्यांकडे आले.

भाषाभ्यासकाला यात एक शब्द विशेष बोलका वाटतो. हे लोक स्वतःस 'रोदेसली' म्हणवितात. ग्रीक बेटाचे नाव आणि त्याला मराठीतील '-कर' प्रत्ययाचे काम करणारा तुर्की '-ली' प्रत्यय. आणि हा शब्द वापरणारे स्पॅनिश बोलणारे यहुदी! चार शतकांचा सहवास या एका शब्दात साठला आहे. त्यांच्या बोलीत शब्दान्तीचे 'ओ', 'ए' हे स्वर 'उ', 'इ' यांच्याकडे झुकत, आणि कानाला रोदेसली माणूस तेवढ्यावरूनही ओळखता येई. परदेशी जन्मलेल्या पिढ्या मात्र फ्रेंच वा इंग्रजी बोलू लागल्या. नाव टिकले, बोली ओसरली.

तेव्हा हा समाज संपला की चालू राहिला? शिरगणतीचा आधार घेतला, तर रोड्सवर यहुदी आहेत, म्हणून समाज चालू आहे असे म्हणावे लागेल. वंश व स्मृती यांच्या आधारे तो ब्रुसेल्स आणि सिअ‍ॅटल येथे आहे. भाषेच्या कसोटीवर मात्र बेटावरील त्याचा अंत १९४४ सालीच झाला, आणि बेटाबाहेरचा अंत आपल्या डोळ्यांदेखत होत आहे. या तिन्ही उत्तरांपैकी एकच निवडणारा इतिहास अपुरा राहील, असे प्रस्तुत लेखकास वाटते. दफ्तरे पुढेही वाचता येतील. ज्यांनी ही बोली आईच्या तोंडून ऐकली, अशी माणसे आता मोजकीच उरली आहेत. त्यांचे बोलणे टिपून ठेवण्याचे काम मात्र लांबणीवर टाकता येणार नाही.