ओळख पटली म्हणजे निर्दोष ठरले काय?

पगारपत्रकावरील अंगठा कोणाचा, हे तज्ज्ञ सांगू शकतो. पण त्या अंगठ्याबरोबर पुरता पगार हाती पडला की नाही, हे त्याला सांगता येत नाही. कंत्राटी कामगारांचे तंटे लढविताना हा भेद आम्ही शिकलो. संगणकातील फायलींच्या ‘अंगठ्यां’चा इतिहास पाहता तोच भेद पुन्हा समोर येतो.

फाईल म्हणजे अखेर आकड्यांची लांबलचक माळ. गणिताच्या ठराविक चरकातून ती काढली की ठराविक लांबीचा एक आकडा मिळतो. त्यास हॅश म्हणतात. मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी हॅश पार बदलतो. फायलीचे नुसते नाव बदलले तर मात्र तो तोच राहतो. आणि रसापासून जसा ऊस परत होत नाही, तशी हॅशपासून फाईल होत नाही.

अमेरिकेत रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ साली एमडी-५ ही रीत रचली. १९९५ साली एसएचए-१ आली. जप्त केलेल्या संगणकात फायली लाखांनी, आणि त्यांतील बहुतेक बाजारात मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या! म्हणून तेथील राष्ट्रीय मानक संस्थेने एक ग्रंथालयच उभारले. मूळ सॉफ्टवेअर जपून ठेवावयाचे, प्रत्येक फायलीचा हॅश नोंदवावयाचा व यादी सर्वांस खुली करावयाची. यादीशी जुळेल ते तपासनीस बाजूस सारतो आणि उरलेले पाहतो.

परंतु या यादीत घुसखोरीची हत्यारेही नोंदलेली आहेत. फाईल परिचित आहे एवढेच ती सांगते. निर्दोष आहे असे नव्हे.

पुढे अंगठ्यावरच संशय आला. २००४ साली चीनच्या वांग श्याओयुन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन भिन्न मजकुरांचा एमडी-५ हॅश एकच करून दाखविला. २०१७ साली एसएचए-१ चीही तीच गत झाली. म्हणून आज ६४ अक्षरी एसएचए-२५६ वर भिस्त आहे.

श्रोतेहो, ही गोष्ट दूरची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. तेव्हा कामगाराचा फोन जप्त होईल तर हॅश त्याच वेळी पंचनाम्यात यावा, असा आग्रह आपण धरला पाहिजे. उशिरा काढलेला हॅश मधल्या दिवसांची साक्ष देत नाही. आणि वेळेवर काढलेलाही, फाईल तेथे कोणी ठेवली, हे सांगत नाही. ते शोधणे माणसाचेच काम होय.