किंचाळणाऱ्या कॅसेटमधला कॉम्प्युटर

आजचा भाग जयगडहून. हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी ठेवा, कारण आजचा विषय कानाला गोड नाहीये. आधी लांबलचक 'पीऽऽऽ', मग नुसती खरखर. कुणालाही वाटेल, कॅसेट बिघडलीये. पण हा आवाज म्हणजे अख्खा कॉम्प्युटर प्रोग्राम होता.

एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम आला. झेड-८० प्रोसेसर, वेग साडेतीन मेगाहर्ट्झ, मेमरी १६ किंवा ४८ केबी. पडदा म्हणजे घरचा टीव्ही आणि प्रोग्राम साठवायला घरचाच टेपरेकॉर्डर! पुढे पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने हेच यंत्र 'डीबी स्पेक्ट्रम' नावाने आपल्याकडे विकलं. शाळांसाठी सरकारच्या 'क्लास' योजनेत बीबीसी मायक्रो होता. स्पेक्ट्रम मात्र घरात शिरला.

आता आवाजाचा प्रोग्राम कसा व्हायचा? शून्यासाठी छोटा ठोका, एकसाठी त्याच्या दुप्पट लांबीचा. सेकंदाला साधारण दीड हजार बिट. म्हणजे ४८ केबी भरायला साडेचार मिनिटं. जयगड किल्ल्यावरून तुम्ही शास्त्री नदीच्या मुखाचा तीन एमबीचा फोटो काढलात, तर या वेगाने तो यायला साडेचार तासांहून जास्त लागतील. आणि आला तरी ठेवणार कुठे? तो त्या यंत्राच्या मेमरीच्या ६४ पट मोठा!

बरं, टेपचं हेड मळलेलं असलं किंवा आवाज कमी-जास्त झाला, की पडद्यावर 'टेप लोडिंग एरर'. की पुन्हा पहिल्यापासून. तासभर टाइप केलेला प्रोग्राम कॅसेटवर घेण्याआधी लाइट गेली, तर सगळं साफ. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट किती जाते, ते तुम्हाला काय सांगायचं!

तरी पोरं त्याला चिकटून बसायची. का? कारण यंत्र सुरू केलं की समोर ॲप्स नसायची. ते तुमच्या हुकमाची वाट बघायचं. बेसिक भाषेत दोन ओळी लिहा, पडद्यावर तुमचं नाव धावायला लागेल. वापरणारा पहिल्याच दिवशी प्रोग्रामर व्हायचा.

प्रोग्राम म्हणजे आवाजच, म्हणून नेदरलँड्समध्ये तर ते चक्क रेडिओवरून प्रसारित व्हायचे. ऐकणारे ते टेप करून घ्यायचे. पॉडकास्ट डाउनलोड करण्यासारखंच की!

आता कामाची गोष्ट. त्या काळचे बाजारातले बरेचसे गेम आज इंटरनेटवर जपलेले आहेत. पण एखाद्या काकाने किंवा मावशीने शाळेत असताना स्वतः लिहिलेला प्रोग्राम? तो जगात फक्त त्या एका कॅसेटवर असू शकतो. आणि कोकणच्या दमट हवेत टेपला बुरशी धरायला वेळ लागत नाही.

तेव्हा माळ्यावर अशी किंचाळणारी कॅसेट सापडली, तर भंगारात देऊ नका. बुरशी दिसली तर वाजवायची घाई नको, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. मग तिचा आवाज वॅव्ह फाइलमध्ये रेकॉर्ड करा. एमपी३ नको, त्यात बारकावे कापले जातात. स्पेक्ट्रमची नक्कल करणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, त्यात तो प्रोग्राम पुन्हा चालू शकतो.

आणि चाललाच, तर ज्याने लिहिला त्याला आधी दाखवा. भेटू पुढच्या भागात!