अकिलीसला नाव मिळालं, एक्सरच्या वीरांना दगड

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: 'ट्रॉय' पिक्चरमधल्यासारखं काही आपल्याकडे झालंय का? झालंय. आणि ते बघायला तुळिंजहून मला लोकलचं फक्त बोरिवलीपर्यंतचं तिकीट लागतं.

बोरिवली पश्चिमेला एक्सर गावठाण आहे. तिथे सहा वीरगळ आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभारलेला कोरीव दगड. वाचायचा खालून वर, फोनच्या स्क्रोलच्या अगदी उलट. खाली लढाई आणि मरण, त्याच्या वर अप्सरा वीराला घेऊन जातायत, सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर. महाराष्ट्रात वीरगळ गावोगावी सापडतात, पण एक्सरच्या काही दगडांवर चक्क जहाजं आहेत. डोलकाठ्या, वल्ह्यांची रांग, सगळं. आरमारी लढाई इतकी सविस्तर दाखवणारे दगड फार दुर्मीळ.

लढाई कुठली? बहुतेक अभ्यासक ती सुमारे १२६५ ची मानतात. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर विरुद्ध देवगिरीचा महादेव यादव. जमिनीवर हरल्यावर सोमेश्वर जहाजातून निघाला आणि समुद्रात बुडाला. हे आपल्याला सांगतो हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत. आता तो महादेवाचाच मंत्री! त्यामुळे त्याने रंगवलेला 'राजाच्या रागापेक्षा समुद्र बरा' हा भाग मी तरी जपूनच घेतो. जिंकणाऱ्याची प्रेस रिलीज आहे ती.

आता होमरकडे जाऊ. 'इलियड'मध्ये अकिलीससमोर दोन पर्याय असतात: घरी जाऊन लांब आयुष्य, किंवा इथेच मरण आणि कायमची कीर्ती. तो दुसरा घेतो. पण 'ओडिसी'त तोच मेल्यावर पाताळात भेटतो आणि म्हणतो, मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा गरिबाच्या शेतावर मजुरी केलेली परवडली. म्हणजे ग्रीक वीराला वर कैलास नाही, खाली अंधार आहे. हातात उरतं ते फक्त नाव.

एक गोष्ट मात्र जुळते. झ्यूसचा मुलगा सार्पेडॉन ट्रॉयला पडतो, तेव्हा निद्रा आणि मृत्यू ही जुळी भावंडं त्याचं शरीर उचलून त्याच्या देशात, लिशियात नेतात. तिथे नातेवाईक त्याच्यासाठी मातीचा उंचवटा करतात आणि दगड उभा करतात. अप्सरांच्या जागी ही दोघं ठेवा, झाला वीरगळ!

कोणी म्हणेल, ग्रीकांचा आणि आपला काय संबंध? अरे, आपलं सोपारा 'पेरिप्लस'मध्ये 'सूप्पारा' नावाने आहे. पहिल्या शतकातलं, ग्रीक भाषेत लिहिलेलं व्यापाऱ्यांचं पुस्तक ते. ही भाषा बोलणारे खलाशी आपल्या बंदरांवर येत होतेच. त्यांनी होमर इथे आणला आणि त्यातून वीरगळ आले, असं मी अजिबात म्हणत नाहीये. व्हॉट्सॲपवर तसलं फिरलं तर माझं नाव लावू नका. मेलेल्यासाठी दगड उभा करायचं दोघांना स्वतंत्रपणे सुचलं असावं.

मला अडकवतो तो दुसराच मुद्दा. सोमेश्वराचं नाव शिलालेखांत आहे. एक्सरला वल्ही मारणाऱ्यांचं कुठेच नाही. होमर साध्या साध्या सैनिकालाही मरताना बापाचं नाव, गावाचं नाव देतो. इथे कोणीतरी पैसे मोजून उत्तम पाथरवट लावला, जहाजाचं वल्हं न् वल्हं कोरून घेतलं. तो कोणासाठी रडत होता, ते आपल्यापर्यंत पोचलं नाही.

जायचं असेल तर मेट्रोचं एक्सर स्टेशन आहेच. सकाळी किंवा संध्याकाळी जा, तिरप्या उन्हात झिजलेलं कोरीवकामही उठून दिसतं. आणि खालच्या पट्टीपासून सुरुवात करा.