तान्ह्या बाळाचे तिकीट : एप्रिल १९१२

‘टायटॅनिक’वर दुसऱ्या वर्गाने निघालेल्या तीन इंग्रज कुटुंबांच्या तिकिटांच्या रकमा शेजारीशेजारी मांडून पाहाव्यात. कॅनडात विनिपेगला निघालेले हार्ट कुटुंब : आई, वडील आणि सात वर्षांची ईव्हा, रक्कम २६ पौंड ५ शिलिंग. अमेरिकेत आयडाहोला निघालेले कॉलियर कुटुंब : आई, वडील आणि आठ वर्षांची मार्जरी, रक्कम पुन्हा २६ पौंड ५ शिलिंग. फ्लोरिडाला निघालेले वेस्ट कुटुंब : आई, वडील, चार वर्षांची कॉन्स्टन्स आणि दहा महिन्यांची बार्बरा, रक्कम २७ पौंड १५ शिलिंग. वेस्टांनी इतर दोघांपेक्षा १ पौंड १० शिलिंग जास्त भरले. त्यांच्याबरोबर जास्तीचे कोण होते, तर बार्बरा.

तान्ह्या बाळाचे अटलांटिकपारचे भाडे किती, हे या रकमांत कुठेही वेगळे लिहिलेले नाही. रक्कम तिकिटामागे एक, आणि तिकीट बहुधा कुटुंबामागे एक. बाळाचा खर्च वजाबाकीनेच काढावा लागतो. ती वजाबाकी भरवशाची आहे का, हे आधी तपासले पाहिजे.

जहाज बुडाल्यानंतर त्याच वर्षी जहाजाच्या कंपनीच्या, व्हाइट स्टार लाइनच्या, मालकांनी आपली भरपाईची जबाबदारी मर्यादित व्हावी, म्हणून न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात अर्ज केला. त्या खटल्याच्या कागदपत्रांत तिकिटांची यादी शिल्लक राहिली : तिकिटाचा क्रमांक, प्रवाशांची नावे, भरलेली रक्कम. दुसरा कागद लंडनमधल्या क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात आहे. ती ब्रिटिश बोर्ड ऑफ ट्रेडची प्रवासी यादी. परदेशी निघालेल्या प्रवाशांसाठी बोर्डाचा जो छापील नमुना होता, त्यात बारा वर्षांचे व त्यावरचे, एक ते बारा वर्षांचे आणि तान्हे असे रकानेच वेगळे होते. पहिल्या यादीत पैसा दिसतो, दुसरीत वयाची विभागणी. दोन्ही एकत्र वाचल्या की दराचा सांगाडा दिसू लागतो.

आता हार्ट आणि कॉलियर यांची बेरीज सोडवू. गेल नावाचे दोघे भाऊ दुसऱ्या वर्गाने एकाच तिकिटावर निघाले होते. त्यांची रक्कम २१ पौंड. म्हणजे माणशी १० पौंड १० शिलिंग. याच दराने आईवडिलांचे २१ पौंड आणि मुलीचे अर्धे तिकीट, म्हणजे ५ पौंड ५ शिलिंग, धरले की २६ पौंड ५ शिलिंग बरोबर येतात. वेस्टांच्या कॉन्स्टन्सचेही तेच अर्धे तिकीट. उरतात ते १ पौंड १० शिलिंग बार्बराचे.

एकच उदाहरण योगायोगही असू शकते. म्हणून दुसरे पाहू. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधून हॉकिंग कुटुंब ओहायोतल्या अ‍ॅक्रनला निघाले होते. त्यांच्या तिकिटांचे क्रमांक ओळीने आहेत, तेव्हा ती एकाच वेळी काढली असावीत. २९१०४ हे जॉर्ज हॉकिंगचे : ११ पौंड १० शिलिंग. २९१०५ हे त्याची आई आणि बहीण नेली यांचे : २३ पौंड, म्हणजे माणशी तोच दर. २९१०६ हे विवाहित बहीण एमिली रिचर्ड्‌स आणि तिच्या दोन मुलांचे : १८ पौंड १५ शिलिंग. मोठा विल्यम तीन वर्षांचा, धाकटा वर्षाच्या आतला. एमिलीचे ११ पौंड १० शिलिंग आणि विल्यमचे निम्मे, ५ पौंड १५ शिलिंग, वजा केले की शिल्लक पुन्हा १ पौंड १० शिलिंग.

तिसरा पुरावा फिनलंडच्या अ‍ॅना हॅमॅलॅइनेनचा. ती तान्ह्या विल्योला घेऊन डेट्रॉइटला निघाली होती आणि सोबत मार्था हिल्टुनेन ही तरुणी होती. मार्थाचे तिकीट २५०६५०, रक्कम १३ पौंड. अ‍ॅना आणि बाळाचे तिकीट त्याच्या अलीकडचे, २५०६४९, रक्कम १४ पौंड १० शिलिंग. फरक तोच.

या तीन उदाहरणांत मोठ्यांचे दर तीन आहेत : साडेदहा, साडेअकरा आणि तेरा पौंड. मुलांचे अर्धे तिकीट मोठ्यांच्या दराबरोबर वरखाली होते. बाळाची रक्कम मात्र जागची हलत नाही. त्यावरून असा निष्कर्ष निघतो, की दुसऱ्या वर्गात बाळाचे भाडे टक्केवारीने ठरत नव्हते, ते ठोक होते. मोठ्या माणसाच्या पैशात केबिनमधली झोपायची जागा धरलेली असे. बाळ आईच्या कुशीत झोपणार, त्याला जागा द्यायचीच नव्हती. मग जागेच्या दराशी त्याचा संबंध उरत नाही.

सगळीच तिकिटे इतकी सरळ सुटत नाहीत. बँकॉकहून परतणारे शिक्षक दांपत्य अल्बर्ट आणि सिल्व्हिया कॉल्डवेल यांच्याबरोबर दहा महिन्यांचा ऑल्डन होता. त्यांची रक्कम २९ पौंड. तेरा पौंडांचा दर धरला तर बाळाकडे ३ पौंड राहतात, म्हणजे दुप्पट. बाळाचे दीड पौंड धरले तर मोठ्यांचा दर पावणेचौदा निघतो, आणि वरच्या कोणत्याही तिकिटात तो नाही. हे कुटुंब लांबचा टप्प्याटप्प्याचा प्रवास करत आले होते. तेव्हा हे तिकीट नियमाच्या बाजूनेही धरू नये आणि विरुद्धही.

तिसऱ्या वर्गात तर अधिकच जपून पाऊल टाकावे लागते. साउथँप्टनहून चढलेल्या बऱ्याच जणांचे भाडे ८ पौंड १ शिलिंग होते. थॉर्नीक्रॉफ्ट पतिपत्नींचे मिळून १६ पौंड २ शिलिंग याच दराचे. लिआ अ‍ॅक्स आणि तिचा दहा महिन्यांचा मुलगा यांची रक्कम ९ पौंड ७ शिलिंग. बाळाकडे १ पौंड ६ शिलिंग येतात. पण अवघ्या दोन महिन्यांची मिल्व्हिना डीन, तिचा दोन वर्षांच्या आतला भाऊ आणि आईवडील यांची रक्कम २० पौंड ११ शिलिंग ६ पेन्स आहे. याच दराने अडीच तिकिटे वजा केली तर मिल्व्हिनाकडे जेमतेम ९ शिलिंग उरतात. डीन कुटुंबाने मुळात दुसऱ्या जहाजाचे आरक्षण केले होते; १९१२च्या कोळसा संपामुळे जहाजे अडकली आणि त्यांना ‘टायटॅनिक’वर हलवण्यात आले. दुसऱ्या जहाजाचा दर या जहाजाच्या दराने सोडवला, तर उत्तर चुकायचेच. म्हणून तिसऱ्या वर्गातील बाळाचा एकच दर या यादीवरून ठरवू नये.

एक आणि बारा ही वये कंपनीने आपल्या मनाने काढलेली नव्हती. १८५५च्या ब्रिटिश प्रवासी कायद्यात आणि पुढे १८९४च्या मर्चंट शिपिंग कायद्यात स्थलांतरितांच्या जहाजावर किती माणसे घ्यायची, याचा हिशेब ठरवून दिलेला होता. बारा वर्षांवरचा एक माणूस म्हणजे एक प्रौढ. एक ते बारा वयाची दोन मुले मिळून एक प्रौढ. वर्षाच्या आतले मूल या बेरजेत धरलेलेच नाही. डेकवरची जागा आणि अन्नाचा शिधा अशा प्रौढांच्या संख्येवर ठरत असल्याने, कायद्याच्या लेखी तान्हे बाळ जागाही व्यापत नव्हते आणि खातही नव्हते. कंपनीने पहिल्या दोन पायऱ्या जशाच्या तशा उचलल्या : पूर्ण तिकीट आणि अर्धे तिकीट. तिसऱ्या पायरीवर, निदान दुसऱ्या वर्गात, कायद्यातल्या शून्याच्या जागी तिने दीड पौंड लिहिले.

दीड पौंड म्हणजे किती? हिंदुस्थानातल्या तेव्हाच्या दराने, रुपयाला १ शिलिंग ४ पेन्स, ते साडेबावीस रुपये होतात. त्याच जहाजावर प्रवाशांच्या केबिनी सांभाळणाऱ्या स्ट्युअर्डेसचा महिन्याचा पगार ३ पौंड १० शिलिंग होता. बाळाला घेतलेले पैसे तिच्या जवळजवळ तेरा दिवसांच्या कमाईइतके. आईच्या तिकिटापुढे ही रक्कम लहान दिसते, पण मजुरीच्या मापाने ती लहान नव्हती.

आणि बाळाचा सगळा खर्च बाळाच्या नावावर पडतही नव्हता. मॉन्ट्रियलचे श्रीमंत अ‍ॅलिसन कुटुंब पहिल्या वर्गात होते : पतिपत्नी, दोन वर्षांची लॉरेन, अकरा महिन्यांचा ट्रेव्हर. त्यांच्याच तिकिटावर बाळाची दाई अ‍ॅलिस क्लीव्हर आणि मालकिणीची दासी होती. सगळ्यांची मिळून रक्कम सुमारे १५१ पौंड. स्वयंपाकीण आणि मोटारचालक यांना मात्र दुसऱ्या वर्गात, प्रत्येकी १३ पौंडांना, पाठवले होते. त्या चाकरांसाठी खालचा वर्ग चालत होता. दाईसाठी चालणार नव्हता, कारण ती बाळापासून दूर राहू शकत नव्हती. तेव्हा श्रीमंत घरात बाळाचे भाडे नावापुरते, आणि बाळाबरोबर जाणाऱ्या बाईचे भाडे हाच मोठा आकडा. ट्रेव्हरला क्लीव्हरनेच बोटीत नेले आणि तो वाचला. आईवडील आणि लॉरेन गेले. ब्रिटिश चौकशीच्या अहवालात पहिल्या वर्गातली सहा मुले होती आणि सहाही वाचली, असे लिहिले आहे. सरकारी कोष्टकही प्रवासी यादीशी ताडून घ्यावे लागते, ते यासाठी.

मुंबई-मद्रासहून विलायतेला निघणाऱ्या गोऱ्या कुटुंबांना हा खर्च चांगलाच परिचयाचा होता. मुलांबरोबर आया जायची आणि तिचे भाडे मालक भरायचा. इंग्लंडला पोचल्यावर तिचे काम संपे, पण परतीचा प्रश्न उरे. लंडनच्या हॅकनी भागात लंडन सिटी मिशनने १९०० पासून चालवलेल्या आयांच्या वसतिगृहात अशा बायका थांबत. परतीचे पैसे मालकाने वसतिगृहाकडे दिलेले असले, तर हिंदुस्थानाकडे निघालेले दुसरे कुटुंब शोधून तिला त्यांच्या मुलांबरोबर धाडले जाई. सगळ्याच मालकांनी ते पैसे दिले नाहीत.

हिंदुस्थानातून आलेले एक कुटुंब ‘टायटॅनिक’वरही होते, आणि या सगळ्या हिशेबाची परीक्षा त्याच्या तिकिटावर घेता येते. मद्रास इलाख्यातल्या गुंटूरला ल्यूथरन मिशनमध्ये अ‍ॅलन बेकर काम करत. धाकटा रिचर्ड तिथे आजारी पडला आणि त्याला अमेरिकेला हलवण्याचे ठरले. वडील मागे राहिले. आई नेली तीन मुलांना घेऊन मिशिगनमधल्या बेंटन हार्बरला निघाली. तिकीट २३०१३६, रक्कम ३९ पौंड, म्हणजे ५८५ रुपये.

तेरा पौंडांच्या दराने ३९ पौंड म्हणजे नेमकी तीन तिकिटे. प्रवासी चार. आईचे एक. थोरली रूथ ऑक्टोबर १८९९ची, साडेबारा वर्षांची, तिचेही पूर्ण. चार वर्षांच्या मॅरियनचे अर्धे. आणि रिचर्ड? तो पावणेदोन वर्षांचा होता. अजून कडेवरचा, त्यात आजारी, आईपासून क्षणभर दूर न राहणारा. पण वर्ष ओलांडलेले. म्हणून त्याचेही अर्धे, साडेसहा पौंड. दुसऱ्या एका कुटुंबाकडून याला दुजोरा मिळतो : जेन क्विक, आठ वर्षांची विनिफ्रेड आणि दोन वर्षांची फिलिस यांची रक्कम २६ पौंड, म्हणजे एक पूर्ण आणि दोन अर्धी. बार्बरा वेस्ट मे महिन्यात वर्षाची होणार होती. तिच्या आईवडिलांनी जूनमध्ये प्रवास केला असता, तर त्याच दराने त्यांना ३ पौंड १५ शिलिंग जास्त पडले असते.

बेकरांच्या बाबतीत हे गणित उलट्या दिशेने मांडून पाहता येते. हाच प्रवास याच दराने वर्षभर आधी झाला असता, तर रूथ बारा वर्षांच्या आतली आणि रिचर्ड वर्षाच्या आतला असता. एक पूर्ण, दोन अर्धी आणि बाळाचे दीड पौंड : एकूण २७ पौंड १० शिलिंग. प्रत्यक्षात भरलेल्या रकमेपेक्षा साडेअकरा पौंड कमी, म्हणजे १७२ रुपये ८ आणे. त्या वर्षात प्रवासी तेच राहिले. फक्त दोन मुलांचे दोन वाढदिवस होऊन गेले, आणि दोन्ही वाढदिवस कायद्याने आखलेल्या रेषांवर पडले.

बाळाला समुद्रप्रवासाला न्यायला काय पडते, याचे त्या काळचे उत्तर यादीत असे मिळते. दुसऱ्या वर्गात वर्षाच्या आत दीड पौंड, वर्ष झाल्यावर सव्वापाच ते साडेसहा. जवळ दाई असेल तर तिचे पूर्ण भाडे वेगळे. बाळाचे वजन, त्याचे दूध, त्याचे रडणे, त्याचे आजारपण यांतले काहीच या आकड्यांत नाही. ते सगळे नेली बेकरसारख्या बाईच्या पूर्ण तिकिटात धरलेले होते आणि तिच्याकडून त्याचे पैसेही घेतलेले होते.